यादी करण्याआधी चिठ्ठ्या टाका

सोलापुरातल्या महिला मंडळांच्या अध्यक्षा, सचिव आणि दरवर्षी संक्रांतीच्या हळदी-कुंकवाची बोलावणी करणाऱ्या सगळ्या ताई, वहिनी, अक्का आणि मावशींना,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर सरत आला की आपल्या गावात दोन तयाऱ्या एकाच वेळी चालू होतात. रात्री गड्ड्याच्या यात्रेसाठी नंदीध्वजांच्या उंच काठ्या पेलण्याचा सराव आणि दुपारी बायकांची वाणाची चर्चा. यंदा स्टीलची वाटी की नॅपकिन, मधल्या मारुतीजवळ डझनाचा भाव काय, तिळगूळ घरी करायचा की विकतचा आणायचा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. नॅपकिन द्या, आपल्याच गावचा माल आहे. माझं पत्र बोलावण्याच्या यादीबद्दल आहे.

ही यादी कुठं लिहिलेली नसते. मंडळाच्या नियमांत नाही, इतिवृत्ताच्या वहीत नाही. तरी ती दरवर्षी बिनचूक निघते. कुठल्या दाराची कडी वाजवायची आणि कुठल्या दारासमोरून चपलांचा आवाज न करता पुढं जायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोबाइलवर मेसेज येतो, ‘सर्व सुवासिनी भगिनींना आग्रहाचे निमंत्रण.’ हा मजकूर कुणी ठरवला? कुणीच नाही. मागच्या वर्षीचा काढला, तारीख बदलली, वर एक पतंगाचं चित्र टाकलं. ज्या बाईचा नवरा गेला आहे ती त्याच ग्रुपवर असते. ती तो वाचते आणि खाली हात जोडल्याचं चित्र टाकते. मग संध्याकाळी तिच्या घराचा लाइट लवकर बंद होतो.

मी आयुष्यभर इथल्याच प्राथमिक शाळांत शिकवलं. मुलं नियम कसे शिकतात हे पाहणं हाच माझा धंदा होता, म्हणून चार शब्द लिहिण्याचा हक्क सांगते. भिंतीवर ‘नेहमी खरे बोलावे’ असं रंगवलेलं असतं, ते मुलं शिकत नाहीत. बाईंनी कुणाच्या डब्यातला घास घेतला आणि कुणाच्या डब्याला ‘नको गं, पोट भरलंय’ म्हटलं, हे मात्र पहिल्या आठवड्यात पाठ होतं. सांगितलेलं विसरतं, पाहिलेलं राहतं. आणि सगळ्यात पक्कं काय बसत असेल, तर मोठ्यांनी बोलता बोलता जिथं गप्प व्हायचं ठरवलं, ती जागा.

हळदी-कुंकवात हे किती सफाईनं होतं बघा. सात वर्षांच्या पोरीच्या हातात अत्तराची कुपी देतात. पोरगी खुशीत एकेकीच्या हाताला अत्तर लावत निघते. स्वयंपाकघराच्या दाराशी थोरली काकू बसलेली असते. पोरगी तिच्याकडं वळते आणि तेवढ्यात आईची नजर येते. बस, एवढंच. आई काही बोलत नाही. काकूही बोलत नाही, उलट तीच हात पदराखाली घेते आणि म्हणते, ‘जा, तिकडं मावशींना लाव.’ पुढच्या वर्षी पोरगी त्या दिशेला वळतच नाही. मग कुणीतरी कौतुक करतं, ‘किती शहाणी आहे ओ पोर, काही सांगावं लागत नाही.’ आमच्या भाषेत सांगायचं तर धडा नजरेनं दिला, आणि त्यावर सही त्या कौतुकानं झाली.

शाळेत संक्रांतीनंतर मुली मधल्या सुट्टीत हळदी-कुंकू खेळायच्या. पिवळ्या खडूची भुकटी हळद, विटेचा चुरा कुंकू. एका वर्षी वर्गातल्या एका मुलीचे वडील गेले होते. ती म्हणाली, ‘मी आई होते.’ दुसरी लगेच म्हणाली, ‘तुझ्या आईला नसतं. तू पाणी दे.’ तिच्या आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. गणितातली चूक सुधारावी तसं तिनं सांगितलं. आणि पहिली भांडली नाही, पाणी द्यायला गेली. दोघी आठ-आठ वर्षांच्या. एकीनं नियम लावायला शिकून झालं होतं, दुसरीनं तो सोसायला. दोघींना कुणीही, कधीही, एक वाक्यसुद्धा शिकवलेलं नव्हतं.

रूढी म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्या रीतीनं ही यादी शिकली जाते, त्याच रीतीनं आपल्या गावातलं चांगलंही शिकलं जातं. गड्ड्याच्या दिवशी तीन वर्षांचं पोर पांढरी बाराबंदी घालून बापाच्या खांद्यावर बसलेलं असतं. तो शुभ्र समुदाय अडुसष्ट लिंगांच्या वाटेनं चालतो, मोठाले नंदीध्वज पेलताना एक जण दमला तर दुसरा न सांगता पुढं होतो. काठी कशी उचलायची, कमरेला कशी अडकवायची, तोल जाऊ लागला तर कुणी धावायचं, याचं पुस्तक नाही. थोरल्यांचं बघून धाकटे शिकतात, चुकलं तर हशा होतो, जमलं तर पाठीवर थाप पडते. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारं हे गाव एका रांगेत चालतं ते अशाच शिकण्यामुळं. माणसानं दुसऱ्याचं बघून वागू नये असं म्हणणं म्हणजे माणसानं भाषा शिकू नये म्हणण्यासारखं आहे.

आणि संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्यात तर यादीच नसते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं, आणि तलावाच्या काठावर, गच्च्यांवर, झाडांवर जो उभा असेल तो अक्षता टाकतो. कपाळ रिकामं असलेली बाईसुद्धा टाकते. तिच्या हातातल्या तांदळानं सोलापूरच्या सगळ्यात मोठ्या लग्नाला काही बाधा आल्याचं मी तरी ऐकलं नाही. मात्र पुढच्याच आठवड्यात पोटच्या लेकीचं लग्न असेल, तर तीच बाई मांडवात खांबाआड उभी राहते, आणि कन्यादानाला दीर-जाऊ बसतात.

या गावाच्या वागण्यातला मेळ मला खरंच लागत नाही. आपल्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी राज्य चालवलं, देशभर घाट, मंदिरं, विहिरी बांधल्या. पंढरीच्या वाटेवर त्यांच्या नावानं हात जोडणाऱ्या आपण, त्या आज आपल्या गल्लीत राहायला आल्या तर त्यांना वाण देणार नाही. जयंतीला त्यांच्या फोटोला हळद-कुंकू वाहतो. म्हणजे फोटो झाल्यावर चालतं.

विडी कारखान्याच्या शाखेत जाऊन बघा. माल द्यायला बायका सूप घेऊन बसलेल्या असतात, गुडघ्याला गुडघा लावून. तेंदूपान एकीचं, तंबाखू दुसरीची, दोरा तिसरीचा. कुणाच्या गळ्यात मंगळसूत्र आहे आणि कुणाच्या नाही, याची त्या सुपाला पर्वा नसते. एकीच्या विड्या छाटात, म्हणजे खराब म्हणून बाजूला, निघाल्या तर शेजारची आपल्यातल्या चार घालून हजार पुरे करते. वर्षभर हे चालतं. संक्रांत ते रथसप्तमी एवढ्या दिवसांत त्याच दोघींमध्ये भिंत उभी राहते, आणि रथसप्तमी झाली की ती पुन्हा पडते. ज्या रूढीला वर्षातले इतके दिवस सुट्टी घेता येते, ती मोडली तर आकाश कोसळेल असं का वाटतं?

आता मुख्य मुद्दा. मी या विषयावर कुणाशीही बोलले की एकच उत्तर मिळतं. शब्दसुद्धा बदलत नाहीत. ‘आम्हाला काय नाही ओ बाई, पण बाकीच्यांना चालणार नाही की.’ अध्यक्षा म्हणतात बाकीच्यांना, सचिव म्हणतात बाकीच्यांना. ‘बाकीच्या’ म्हणून ज्यांच्याकडं बोट दाखवतात त्यांना विचारलं, तर त्या म्हणतात, ‘आम्हाला काय नाही, पण अध्यक्षाबाई जुन्या वळणाच्या आहेत.’ म्हणजे मोठ्या दिमाखात जो नियम पाळला जातोय, तो पाळणारीला स्वतःला तो नको आहे, असं निघण्याची दाट शक्यता आहे. प्रत्येकजण दुसरीच्या मनातल्या नियमाला घाबरते आहे, आणि दुसरीच्या मनात तो नसेलही.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. सौदी अरेबियात, रियाध शहरात, अर्थशास्त्रज्ञांनी तरुण विवाहित पुरुषांना गटागटानं बसवलं. एका गटातले लोक साधारण एकाच भागातले. प्रत्येकाला गुपचूप विचारलं, बायकांना घराबाहेर काम करू द्यावं का? शंभरात ८७ जण हो म्हणाले. मग विचारलं, इथं बसलेल्यांपैकी किती जण हो म्हणतील असं वाटतं? जवळजवळ तीन चतुर्थांश पुरुषांनी खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगितला. बहुतेकांना मान्य, पण बहुतेकांना वाटतंय की आपल्यासारखे थोडेच. मग त्यातल्या काहींना खरा आकडा सांगितला, एवढंच केलं. ना भाषण, ना प्रबोधन. ज्यांना आकडा सांगितला नव्हता त्यांच्यातल्या २३ टक्क्यांनी बायकोचं नाव नोकरीच्या नोंदणीसाठी दिलं. ज्यांना सांगितला त्यांच्यातल्या ३२ टक्क्यांनी दिलं. काही महिन्यांनी पाहिलं तर त्यांच्या बायका मुलाखतीला गेल्याचं प्रमाणही जास्त होतं. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. रियाधच्या पुरुषांना जमलं ते सोलापूरच्या बायकांना जमणार नाही, असं मानायला मी तयार नाही.

दुसरा प्रयोग जुना आहे, डीएडच्या मुलींना शिकवतात तो. १९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञानं माणसांना कागदावरच्या रेषा दाखवल्या आणि विचारलं, यातली कुठली त्या पहिल्या रेषेएवढी आहे? लहान पोरालाही येईल असं उत्तर. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले होते आणि ते ठरवून, एका सुरात चुकीचं सांगत. शेवटी ज्याची पाळी यायची तो बिचारा डोळ्यांना दिसतंय ते सोडून सगळ्यांसारखं बोलून जायचा. अशा फेऱ्यांमध्ये तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त उत्तरं चुकली. मला या प्रयोगात पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या गर्दीत फक्त एक माणूस बरोबर बोलणारा ठेवला, तर चुका आधीच्या चुकांच्या चौथ्या हिश्श्यावर आल्या. आणि उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं, तेव्हाही दडपण खूप कमी झालं. माणूस बदलला नव्हता. त्याचं तोंड आणि शेजाऱ्याचे कान, यांच्यामध्ये एक कागद आला होता.

आपल्या सभेत काय होतं? अध्यक्षा मोठ्यानं विचारतात, ‘कुणाची हरकत आहे का?’ सगळ्या एकमेकींची तोंडं बघतात. हरकत कशाला, कुणी हूं का चूंसुद्धा करत नाही. ‘मग मागच्यासारखंच,’ असं ठरतं आणि चहा येतो. याला आपण एकमत म्हणतो.

कुणी म्हणेल, हे पूर्वापार चालत आलंय, त्याला हात कसा लावायचा? पूर्वापार म्हणजे कधीपासून, हे जरा आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. महाराष्ट्रातल्या कित्येक शेतकरी आणि कारागीर जातींत विधवेचा पाट लागत होता. पाट लागलेली बाई पुन्हा संसाराला लागायची, तिची लेकरं मानानं वाढायची. पुढं हातात चार पैसे आले, घरं पक्की झाली, पोरं शिकली, आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींचं बघून आपणही पाटाची लाज वाटून घ्यायला शिकलो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी या वरच्यांची नक्कल करण्याला संस्कृतीकरण असं नाव दिलं. म्हणजे ज्याला आपण आजीची रूढी म्हणतो, ती कित्येक घरांत आजीनं शेजारच्या वाड्यातून उचललेली आहे. पणजीकडं ती नव्हती.

आणि जिथं ती खरोखर जुनी होती, तिथलीही गेलीच की. विधवेचं डोकं भादरणं हा एके काळी धर्म होता. ते गेलं ते काही कायद्यानं नव्हे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईत नाभिक बांधवांना एकत्र केलं, आणि त्यांनी हे काम आम्ही करणार नाही असं जाहीर केलं. रूढीचे रखवालदार घरात बसले होते, पण वस्तरा ज्याच्या हातात होता तो उठून गेला. मला यातून तुमच्यासाठी एकच सांगायचं आहे. आपल्या बाबतीत कुंकवाचा करंडा तुमच्या हातात आहे. भटजी येत नाहीत, पंच येत नाहीत, पुरुष तर त्या दिवशी घरात थांबतही नाहीत. या रूढीला बाहेरचा एकही रखवालदार नाही.

म्हणूनच कायद्याचा इथं फारसा उपयोग नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. जातपंचायतीनं कुणाला वाळीत टाकलं तर तक्रार करता येते, आणि करावीच. पण आपल्याकडं वाळीत टाकणारं कुणी नाही. फक्त बोलावणं जात नाही. न आलेल्या बोलावण्याची तक्रार कुठल्या चौकीत नोंदवणार?

करोनानं ही गोष्ट आपल्या दाराशी आणून ठेवली. गल्लीगल्लीत तिशी-पस्तिशीच्या पोरी एका आठवड्यात यादीबाहेर गेल्या. त्याच काळात आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी, माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीला विधवा प्रथा पाळायला लावू नयेत, असं लिहून दिलं आणि या प्रथांविरुद्ध चळवळ उभी केली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, जोडवी काढणं हे बंद करण्याचा ठराव केला. पाठोपाठ शासनानंही इतर गावांनी त्याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. परिपत्रकाचं जे होतं ते झालं. पण हेरवाडच्या ठरावात एक शहाणपण होतं. तो गावानं केला, एकट्या बाईला करायला लावला नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं तर मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. एकट्यानं केलेल्या धाडसाची किंमत ही असते. प्रत्येक गल्लीला एक कर्वे मिळणार नाही, आणि सगळ्या मिळून ठरवणार असतील तर कर्व्यांची गरजही नाही.

आता तुम्ही काय करू नये, ते आधी सांगते. या बाबतीत माझी मतं जरा कडू आहेत.

विधवा भगिनींसाठी वेगळं हळदी-कुंकू घालू नका. अलीकडं ते फार वाढलंय. मागं फलक, पुढं खुर्च्या, एक पाहुण्या, साडीवाटप, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. हेतू चांगला असेल, मी शंका घेत नाही. पण ज्या बाईला वर्षभर ‘ती’ म्हणून बाजूला ठेवलं, तिला आणखी एकदा ‘ती’ म्हणूनच रांगेत बसवलं, यात बदललं काय? तिची वेगळी पंगत होती, ती आता चांगल्या हॉलमध्ये बसली. आणि गल्लीतली यादी होती तशीच राहिली. उलट आता म्हणायला सोय झाली, ‘त्यांचं वेगळं झालंय की.’

दुसरं, भर कार्यक्रमात उत्साहानं कुणाला ओढून कुंकू लावू नका. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, मोबाइल वर झालेले, आणि ती मान मागं घेते. ‘नको ओ वहिनी, राहू द्या.’ मग सगळ्या सुटकेचा श्वास टाकतात, ‘तिलाच नको आहे, आपण काय करणार?’ तिला नको असेलही. तो तिचा हक्क आहे. पण तिचा नकार कुठून येतो तेही ओळखा. वर्षानुवर्षं स्वतःहून मागं सरकलं म्हणजे ‘समजूतदार’ म्हणतात, आणि पुढं झालं म्हणजे ‘लाज सोडली’ म्हणतात, हे तिनं पाहिलेलं असतं. नवरा गेल्यावर हिरवी साडी नेसणाऱ्या बाईबद्दल नळावर काय बोललं जातं, ते तिनंही कधीकाळी त्याच नळावर उभं राहून ऐकलं आहे. तिच्या नकारातला किती तिचा आणि किती आपला, हे त्या दोन सेकंदांत तिलाही सांगता येणार नाही.

सासूबाईंचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. घरात म्हातारं माणूस असतं, त्यांना ‘अपशकुन’ वाटतो, आणि उद्या घरात काही बरंवाईट झालं तर सुनेवर खापर फुटेल ही भीती खोटी नाही. त्यांच्याशी वाद घालून उपयोग होत नाही. पण माझा अनुभव असा, की म्हाताऱ्या माणसांना शास्त्रापेक्षा गल्लीची जास्त चाड असते. ‘सगळ्याच मंडळात तसं ठरलंय’ हे वाक्य त्यांना पटतं. ज्या दडपणानं त्यांना ही रूढी शिकवली, तेच दडपण उलट्या दिशेनं कामाला येऊ शकतं. यात लबाडी आहे असं कुणाला वाटलं तर वाटो.

आता मागणं. ते फार छोटं आहे, खर्च शून्य.

वाणाची सभा होईल तेव्हा आधी चिठ्ठ्या वाटा. वहीच्या कागदाचे सारखे तुकडे करा, सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्या. आपल्या बायका अक्षर ओळखतात, म्हणून फक्त खूण करायची आणि एक आकडा लिहायचा. पूर्व भागातल्या ज्या अक्कांना मराठी वाचायला अवघड जातं, त्यांच्यासाठी प्रश्न तेलुगूत किंवा कन्नडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांचे नवरे नाहीत त्यांनाही या सभेला बोलवा आणि चिठ्ठी द्या, त्यांचं मतही त्याच डब्यात पडू दे. डबा वाणातलाच एखादा घ्या. सगळ्यांसमोर उघडा, सगळ्यांसमोर मोजा, आणि दोन्ही प्रश्नांचे आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लिहा.

निकाल ‘हो’ लागला, तर मेसेजमधला ‘सुवासिनी’ हा शब्द काढून ‘भगिनी’ घाला आणि बोलावणं करायला दोघी-तिघी मिळून जा, सगळ्या दारांना, क्रमानं. कार्यक्रमात कुंकू वयानं सगळ्यात थोरल्या बाईपासून लावायला सुरुवात करा, मग तिचा नवरा असो वा नसो. जिला नको असेल तिला नुसतं अत्तर, तिळगूळ आणि तेच वाण, तेवढंच, कमी नाही आणि जास्तही नाही. भाषण करू नका. फोटो काढायचे तर दरवर्षी काढता तेवढेच काढा. आणि मुलींच्या हातात अत्तराची कुपी नक्की द्या.

निकाल ‘नाही’ लागला, तर तोही फळ्यावर राहू दे. मी त्याचाही मान राखीन. मात्र त्यानंतर ‘आम्हाला काय नाही, बाकीच्यांना’ असं कुणी म्हणू नये.

चिठ्ठीवरचे दोन प्रश्न खाली देते. जसेच्या तसे उतरवून घ्या.

पहिला : आपल्या मंडळाच्या हळदी-कुंकवाला, नवरा हयात नसलेल्या बायकांनाही इतरांसारखंच बोलवावं आणि त्यांची इच्छा असेल तर इतरांसारखंच कुंकू लावावं का? ‘हो’ किंवा ‘नाही’ यापुढं खूण करा.

दुसरा : इथं बसलेल्या दर दहाजणींपैकी किती जणी ‘हो’ म्हणतील असं तुम्हाला वाटतं? आकडा लिहा. नाव लिहू नका.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सोलापूर